दुसऱ्याने लिहिलेला कोड : जालना जिल्ह्यातील सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे शिक्षण

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणे आणि सॉफ्टवेअर तयार करणे ही दोन्ही कामे बोलताना एकच मानली जात असली, तरी अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे. प्रोग्रॅम म्हणजे एखादे काम करून घेण्यासाठी संगणकाला दिलेल्या सूचनांची मालिका. एका विद्यार्थ्याने ती एका रात्रीत लिहिली, तिचे उत्तर बरोबर आले आणि प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये तिची नोंद झाली, की तिचे आयुष्य संपते. सॉफ्टवेअर मात्र अनेकांनी मिळून लिहिलेले असते, लिहिणाऱ्यांपेक्षा वेगळीच माणसे ते वापरतात, आणि कायदे, कर, यंत्रे व माणसांच्या गरजा बदलत गेल्या तरी त्याला वर्षानुवर्षे काम देत राहावे लागते. हे दीर्घ आयुष्य शिस्तीने कसे घडवावे आणि कसे सांभाळावे, याचा अभ्यास म्हणजे सॉफ्टवेअर अभियांत्रिकी. संगणक अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात हा विषय साधारणपणे मधल्या वर्षांत येतो, महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमातही तो शिकवला जातो, आणि तरीही विद्यार्थ्यांच्या मनात त्याची ओळख ‘पाठांतराचा सोपा पेपर’ अशी राहते. ही ओळख का तयार झाली आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात ती कशी बदलता येईल, हा प्रश्न केवळ प्राध्यापकांपुरता मर्यादित नाही. कारण ज्या सॉफ्टवेअरवर आज सातबारा, पीकविमा, बाजारभाव आणि करभरणा अवलंबून आहे, ते घडवणारी माणसे याच वर्गांमधून बाहेर पडतात.

या विषयाचा जन्म एका अडचणीतून झाला. १९६०च्या दशकात संगणक मोठे झाले, त्यांच्याकडून अपेक्षिली जाणारी कामे गुंतागुंतीची झाली, आणि मोठे प्रकल्प वेळेत पूर्ण न होणे, अंदाजापेक्षा कितीतरी अधिक खर्च होणे आणि शेवटी हाती आलेले सॉफ्टवेअर सदोष निघणे हे नित्याचे झाले. या परिस्थितीवर विचार करण्यासाठी नाटोच्या विज्ञान समितीच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे एक परिषद भरली आणि तिच्या शीर्षकातच सॉफ्टवेअर अभियांत्रिकी हे नाव वापरले गेले. पूल बांधणाऱ्या अभियंत्याकडून समाज जी शिस्त आणि जबाबदारी अपेक्षितो, ती सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानेही स्वीकारावी, असा त्या नावामागचा आग्रह होता. पुढे डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने या विषयाची एक नेमकी ओळख करून दिली. त्यांच्या मते, अनेक माणसांनी मिळून अनेक आवृत्त्यांचे प्रोग्रॅम बांधणे म्हणजे सॉफ्टवेअर अभियांत्रिकी. या ओळखीत दोनच अटी आहेत: माणसे अनेक हवीत आणि आवृत्त्या अनेक हव्यात. अभियांत्रिकीच्या वर्गात या दोनपैकी एकही अट पुरेशी पाळली जात नाही, हेच या विषयाच्या शिक्षणाचे मूळ दुखणे आहे.

मराठवाड्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथील सैद्धान्तिक विषयाच्या १०० गुणांची विभागणी सर्वसाधारणपणे २० गुण सातत्यपूर्ण मूल्यमापनाला, २० मध्यसत्र परीक्षेला आणि ६० सत्रान्त लेखी परीक्षेला अशी असते. अशा चौकटीत सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा विषय आला, की विकासाची विविध प्रारूपे, म्हणजे कामाचे टप्पे कोणत्या क्रमाने घ्यावेत याचे नमुने, त्यांच्या आकृत्या, त्यांचे फायदे-तोटे आणि प्रत्येक संज्ञेची व्याख्या असे त्याचे रूप होते. धबधबा प्रारूपात आधी गरजांचा अभ्यास, मग आराखडा, मग लेखन, मग चाचणी असे टप्पे एकाखाली एक येतात. २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ सॉफ्टवेअरतज्ज्ञांनी मांडलेल्या जाहीरनाम्यातून नावारूपाला आलेल्या अजाइल पद्धतीत थोडे-थोडे काम करून ते वापरणाऱ्याला वारंवार दाखवले जाते. विद्यार्थी या दोहोंतील फरक परीक्षेत सहज लिहितो. पण ज्याने कधी कोणाची बदललेली मागणी ऐकली नाही आणि त्यापायी आधीचे काम मोडून पुन्हा केले नाही, त्याला हा फरक कशासाठी करावा लागला हे कळण्याचा मार्ग त्या उत्तरपत्रिकेत नसतो.

या उणिवेची भरपाई शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाने व्हावी, अशी अपेक्षा असते. साधारणपणे चार विद्यार्थ्यांचा गट, एक मार्गदर्शक, वर्षभराचा अवधी, शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर सादरीकरण आणि काळ्या कापडी बांधणीचा अहवाल, ज्याला विद्यार्थी ‘ब्लॅक बुक’ म्हणतात, असा त्याचा साचा महाराष्ट्रभर रूढ आहे. त्यात काही प्रकल्प खरोखर चांगले होतात. परंतु बहुसंख्य गटांत कोड लिहिणारा एकच असतो, बाकीचे अहवाल आणि सादरीकरण सांभाळतात. आणि ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा, संपल्यानंतर तो प्रकल्प कोणीही पुन्हा उघडत नाही. पुढल्या वर्षी नवा गट नवा विषय घेतो, पुन्हा शून्यापासून आरंभ करतो आणि पुन्हा तेथेच थांबतो. ग्रंथालय व्यवस्थापन, हजेरी, रुग्णालयाची नोंदणी या विषयांवरचे शेकडो प्रकल्प अशा रीतीने कपाटात पडून आहेत. सॉफ्टवेअरच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत खर्चिक काळ ते वापरात आल्यानंतरचा, म्हणजे देखभालीचा असतो. आणि नेमका तोच काळ विद्यार्थ्याच्या वाट्याला कधी येत नाही. प्रकल्प दरवर्षी फेकून दिला जात असेल, तर देखभाल शिकवता येत नाही, एवढी ही गोष्ट साधी आहे.

या रिकाम्या जागेचे नुकसान नोकरीच्या पहिल्याच दिवसापासून सुरू होते. पुण्याच्या किंवा बंगळूरच्या कंपनीत रुजू होणाऱ्या नव्या अभियंत्याला सहसा कोरे पान दिले जात नाही. आधी कोणीतरी लिहिलेला, कदाचित ते कोणीतरी सोडूनही गेलेले, हजारो ओळींचा कोड त्याच्यासमोर ठेवला जातो आणि त्यातला एक दोष शोधण्यास सांगितले जाते. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या वाढीचा इतिहासही हेच सांगतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिले जात, त्यामुळे ९९ नंतर येणारे ०० हे संगणकाला १९०० वाटेल की २०००, असा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर उभा राहिला, आणि तो सोडवण्याचे मोठे काम भारतीय कंपन्यांकडे आले. ते काम दुसऱ्या देशांतील, दुसऱ्या पिढीतील माणसांनी लिहिलेला कोड वाचण्याचे आणि काहीही न मोडता तो दुरुस्त करण्याचे होते. टाटा कन्सल्टन्सीचे फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या टाटा संशोधन विकास आणि आराखडा केंद्राने सॉफ्टवेअरची रचना व विश्लेषण यांसाठी साधने घडवण्याचा मार्ग धरला, त्यामागेही हीच निकड होती. त्याच १९८१ साली, १ मे रोजी, जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला.

औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्यांना परभणीतील परतूरची जोड देऊन हा जिल्हा तयार झाला आणि आज त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड व घनसावंगी असे ८ तालुके आहेत. मत्स्योदरी शिक्षण संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन येथे आहेत. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यात सुरू झाले. सॉफ्टवेअर कंपन्यांची वसाहत येथे नाही, म्हणून या विषयासाठी लागणारे वातावरणही येथे नाही, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज चुकीचा आहे. सॉफ्टवेअर अभियांत्रिकी शिकण्यासाठी जवळपास सॉफ्टवेअर कंपनी असण्याची गरज नाही. जवळपास गुंतागुंतीचे व्यवहार, बदलते नियम आणि ज्यांना काही अडते आहे अशी माणसे असण्याची गरज आहे. बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांच्या या जिल्ह्यात ती तिन्ही मुबलक आहेत.

मोसंबीच्या बाजाराचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेली गुणवत्ता म्हणून तिची अधिकृत नोंद आहे. बाजारात आलेल्या मालाचे वजन होते, प्रत पाहून भाव ठरतो, आणि अडत्या शेतकऱ्याला हिशेबपट्टी देतो, जिच्यात एकूण रकमेतून हमाली, तोलाई यांसारख्या कपाती आणि आधी घेतलेली उचल वजा केलेली असते. पट्टी तयार करणारा प्रोग्रॅम लिहिणे हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दोन तासांत जमेल. आता त्यात इतिहास मिसळावा. पूर्वी फळे व भाजीपाल्याची अडत, म्हणजे मध्यस्थाचे कमिशन, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. डिसेंबर २०१४ मध्ये ती खरेदीदाराकडून घेण्याचा आदेश निघाला आणि त्याला स्थगिती मिळाली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला, तेव्हा अडत खरेदीदाराकडून घेण्याचा नियम लागू झाला. दोन वर्षांच्या आत एकाच आकड्याने दोन बाजूंना जाण्याची तयारी दाखवली. ज्या प्रोग्रॅममध्ये अडतीची वजाबाकी पट्टी छापण्याच्या भागात, खातेवहीच्या भागात आणि महिन्याच्या गोषवाऱ्याच्या भागात अशी तीन ठिकाणी लिहिलेली असेल, तो प्रोग्रॅम या बदलात एखाद्या ठिकाणी हमखास चुकेल. आणि त्या चुकीची किंमत मोजणारा शेतकरी असेल.

पार्नास यांनी १९७२ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध शोधनिबंधाचा गाभा नेमका येथे समजतो. प्रोग्रॅमचे भाग पाडताना काम कोणत्या क्रमाने होते हे पाहू नये, तर कोणता निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे हे पाहावे आणि असा प्रत्येक निर्णय एकेका भागात बंद करून ठेवावा, म्हणजे तो बदलला तरी बाकीच्या भागांना त्याचा पत्ता लागणार नाही, असे त्यांनी मांडले. या तत्त्वाला माहिती-लपवणूक म्हणतात. पुस्तकात ते चार ओळींत संपते आणि विद्यार्थ्याच्या मनावर त्याचा काही परिणाम होत नाही. परंतु अडत कोण देणार, किती टक्के देणार आणि कोणत्या तारखेपासून देणार, हा सारा निर्णय एका भागात ठेवलेला प्रोग्रॅम आणि तो सर्वत्र विखुरलेला प्रोग्रॅम असे दोन्ही समोर ठेवून, जुलै २०१६चा बदल दोहोंत करून दाखवण्यास सांगितले, तर हे तत्त्व विसरणे अवघड जाईल. त्यातही जुन्या तारखेची पट्टी पुन्हा छापायची झाली, तर तिच्यावर जुनाच नियम लागला पाहिजे, हे लक्षात येण्यासाठी विद्यार्थ्याला एकदा चुकावे लागते, आणि ती चूक वर्गात झालेली बरी. असाच धडा सप्टेंबर २०२३ मध्ये औरंगाबाद महसूल विभागाचे आणि जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले तेव्हा मिळाला. जालना त्याच विभागात असल्याने ज्या ज्या प्रणालीत विभागाचे नाव थेट कोडमध्ये लिहिलेले असेल, तेथे तेथे ते शोधणे आले.

मोसंबीचा भाव टनावर बोलला जातो आणि सोयाबीन-कापसाचा क्विंटलवर. एका विद्यार्थ्याने वजनाचा आकडा टनांत धरला आणि त्याच्या सहकाऱ्याने तो क्विंटल समजून वापरला, तर दोघांचेही कोड स्वतंत्रपणे बरोबर असून पट्टी दहापट चुकते. ही केवळ वर्गातली शक्यता नाही. नासाचे मंगळाकडे गेलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी याच प्रकारच्या चुकीने हातचे गेले: पृथ्वीवरील एक सॉफ्टवेअर यानाला मिळालेला रेटा पौंड-सेकंदांत देत होते आणि ते आकडे वापरणारी दुसरी यंत्रणा ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरून चालली होती. दोन भागांच्या सीमेवर काय देवाणघेवाण होईल, कोणत्या एककात होईल आणि चुकीचा आकडा आला तर काय करायचे, याचा लेखी करार म्हणजे इंटरफेस. आणि मोठ्या सॉफ्टवेअरचे दोष मुख्यतः भागांच्या पोटात न सापडता या सीमांवर सापडतात. दोन गटांना एकाच पट्टीचे दोन भाग वेगवेगळे लिहायला देऊन शेवटी ते जोडायला सांगणे, हा या प्रकरणाचा सर्वांत परिणामकारक धडा ठरू शकतो.

कोड लिहिण्याआधीचा टप्पा, म्हणजे वापरणाऱ्याची गरज समजून घेऊन ती नेमक्या शब्दांत मांडणे, हा या विषयाचा सर्वांत कठीण आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू केलेले ई-पीक पाहणी हे ॲप त्यासाठी प्रत्येक ग्रामीण विद्यार्थ्याच्या घरात उपलब्ध असलेले उदाहरण आहे. शेतात कोणते पीक उभे आहे याची गाव नमुना १२ मधील नोंद पूर्वी तलाठी करत असे. या ॲपने ती नोंद शेतकऱ्याने स्वतः, पिकाच्या छायाचित्रासह आणि शेतातल्या स्थानासह करावी अशी योजना झाली. वरवर पाहता हे एका फॉर्मचे काम आहे. परंतु कापसात तूर असेल तर क्षेत्र कोणाच्या नावे किती लिहायचे, बांधावरची झाडे कोठे नोंदवायची, सामाईक खात्यात भावाभावांनी वाटून घेतलेली पण कागदावर न फुटलेली जमीन कशी दाखवायची, शिवारात नेटवर्क नसेल तर नोंद कोठे साठवायची, खातेदार वयस्कर असून त्याच्याकडे स्मार्टफोन नसेल तर कोणी नोंद करायची, आणि एकदा चुकीचे पीक निवडले गेले तर ते परत कसे फिरवायचे, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत केलेली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली. दुरुस्तीची सोय ही गरज पहिल्या आवृत्तीनंतर ठळक व्हावी, यात कोणाची अकार्यक्षमता शोधण्याचे कारण नाही. कोट्यवधी लोकांनी वापरण्याच्या सॉफ्टवेअरच्या बऱ्याचशा गरजा वापरातूनच उघड होतात, आणि म्हणूनच त्याला अनेक आवृत्त्या असतात.

भोकरदन किंवा मंठ्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला या प्रश्नांची जाण शहरातल्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक असते, आणि गरजा गोळा करण्याच्या कामी हे त्याचे खरे भांडवल आहे. शेतकऱ्याशी, अडत्याशी, वजनकाट्यावरच्या माणसाशी त्याच्याच बोलीत बोलून, त्याला काय हवे आहे आणि तो काय सांगायचे विसरला आहे हे ओळखण्याची क्षमता कोणत्याही महागड्या प्रशिक्षणाने सहज येत नाही. दुर्दैवाने वर्गातल्या इंग्रजी संज्ञांपुढे हाच विद्यार्थी स्वतःला कच्चा समजू लागतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली आणि पुण्यातील पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याचा मार्ग धरला. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातील अनेक पाठ मराठीत ऐकता येतात. संपूर्ण अभ्यासक्रम मराठीत व्हावा की नाही हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. पण गरजांची मुलाखत मराठीत घेऊन तिचा मसुदा आधी मराठीत लिहावा, तो त्या शेतकऱ्याला किंवा अडत्याला वाचून दाखवून त्याची मान्यता घ्यावी आणि मगच इंग्रजी दस्तऐवज तयार करावा, एवढा बदल आजच्या चौकटीतही शक्य आहे, आणि त्याने दस्तऐवज अधिक अचूक होईल.

चाचणीचे महत्त्व पटवण्यासाठी जालन्याला दूर जाण्याची गरजच नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि बीजोत्पादन हा या परिसरातील अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचा व्यवसाय झाला. प्रमाणित बियाण्याची गुणवत्ता पिशवी शिवताना ठरत नाही: पेरणीपूर्वी स्रोत तपासला जातो, शेजारच्या पिकापासूनचे विलगीकरण अंतर मोजले जाते, पीक फुलोऱ्यात असताना तपासणी होऊन भेसळीची झाडे उपटली जातात आणि त्यानंतर प्रयोगशाळेत उगवणशक्ती पाहिली जाते, जी सोयाबीनसाठी किमान ७० टक्के असावी लागते. सॉफ्टवेअरची गुणवत्ताही अशीच वाढीच्या काळात घडते. प्रत्येक लहान भागाची तो लिहितानाच घेतलेली चाचणी, दुसऱ्या सहकाऱ्याने ओळ-ओळ वाचून केलेली तपासणी, आणि प्रत्येक बदलानंतर आधीच्या सगळ्या चाचण्या पुन्हा चालवून काही मोडले नाही ना हे पाहणे, ज्याला रिग्रेशन चाचणी म्हणतात, या तिन्ही गोष्टी सवयीच्या झाल्या पाहिजेत. वजन शून्य असेल तर, उचल विक्रीच्या रकमेपेक्षा जास्त असेल तर, एकाच गावात एकाच नावाचे दोन शेतकरी असतील तर पट्टी काय दाखवते, असे प्रश्न विचारणारा विद्यार्थी चाचणीच्या दहा प्रकारांची यादी लिहिणाऱ्यापेक्षा पुढे गेलेला असतो.

या सगळ्याला एकत्र बांधणारा उपाय म्हणजे प्रकल्प वारशाने देणे. विभागाने जिल्ह्यातील खऱ्या गरजेवर आधारलेली दोन किंवा तीनच सॉफ्टवेअरे निवडावीत: मोसंबीच्या पट्टीचे एक, पोलादाच्या रोलिंग मिलच्या गेटवरील आवक-जावक व वजनाच्या नोंदीचे एक, गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचे एक. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला सत्राच्या पहिल्या दिवशी कोरे पान न देता आधीच्या बॅचने लिहिलेला कोड द्यावा. पहिले काही आठवडे तो केवळ वाचावा, चालवावा आणि तो काय करतो हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. मग त्यातला एक दोष शोधून दुरुस्त करावा. मग वापरणाऱ्याने मागितलेला एक बदल करावा. आणि शेवटी पुढच्या बॅचसाठी सुपूर्दीचा दस्तऐवज लिहावा. प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि का केला याची नोंद ठेवणारी आवृत्ती-नियंत्रण प्रणाली, विशेषतः लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या विकासासाठी तयार केलेली गिट, मोफत उपलब्ध आहे. तिच्या इतिहासावरून गटातल्या चौघांपैकी प्रत्येकाने काय केले हे स्पष्ट दिसते आणि एकाने लिहायचे, तिघांनी सही करायची ही पद्धत आपोआप मोडते. परीक्षकाने ओरलच्या वेळी सादरीकरण पाहण्यापेक्षा खालच्या वर्गातील एका विद्यार्थ्याला बोलावून, केवळ त्या दस्तऐवजाच्या आधारे सॉफ्टवेअर चालू करून दाखवण्यास सांगावे. त्याला ते जमले तर गटाचे काम चांगले झाले, असे मानण्यास हरकत नाही.

या मार्गात अडचणी खऱ्या आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे तंत्रशिक्षण परिषदेचे प्रमाण पाळले, तरी ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात चौघांचे १५ गट होतात आणि त्या सर्वांचा कोड वाचणे एका शिक्षकाच्या आवाक्याबाहेर जाते. त्यात तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकांना पुढच्या वर्षी आपण येथे असू याचीच शाश्वती नसते, आणि वारशाने चालणारा प्रकल्प तर कोणीतरी टिकून राहण्यावर अवलंबून असतो. शेवटच्या महिन्यात घाईने गटात माणसे वाढवूनही काम मार्गी लागत नाही. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी लांबतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते. म्हणूनच प्रकल्पांची संख्या कमी हवी आणि एकमेकांचा कोड तपासण्याचे काम विद्यार्थ्यांवर, गुण देऊन, सोपवायला हवे. लेखी परीक्षेचे ६० गुण महाविद्यालयाच्या हातात नसले, तरी सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे २० गुण आणि प्रात्यक्षिकाचे गुण हातात आहेत. राज्य सरकारने २०१६ मध्ये आयआयटी मुंबईच्या सहकार्याने सुरू केलेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानाचा उद्देशच तंत्रशिक्षण संस्थांनी आपापल्या भागातील विकासाच्या प्रश्नांवर काम करावे हा होता. जालन्याचा समावेश असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची संगणकीय पद्धत विकसित केली. पाणलोटाच्या कामासाठी आणि शेततळ्यांवरील द्राक्षबागांसाठी महाराष्ट्रभर ओळखले जाणारे कडवंची याच जिल्ह्यात आहे. तेथील पाण्याच्या नोंदींवर काम करण्यासाठी मुंबईहून कोणी येण्याआधी जालन्यातील विद्यार्थी पोहोचू शकतो.

२०२२च्या अखेरीपासून सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी या चर्चेला निकड आणली आहे. सूचना दिली की ही साधने पट्टीचा प्रोग्रॅम काही क्षणांत लिहून देतात, आणि त्यामुळे केवळ कोड लिहून दाखवण्यावर आधारलेला प्रकल्प यापुढे विद्यार्थ्याच्या ज्ञानाचा पुरावा राहिलेला नाही. पण अडतीचा नियम बदलला तेव्हा जुन्या पट्टीचे काय करायचे, सामाईक खात्यातील तंट्यात नोंद कोणाची धरायची, हे ठरवण्याची जबाबदारी त्या साधनावर टाकता येत नाही. त्याने लिहिलेला कोड हाही दुसऱ्याने लिहिलेलाच कोड असतो, तो वाचता, तपासता आणि दुरुस्त करता आला पाहिजे. जी कौशल्ये अभ्यासक्रमात आजवर बाजूला पडली होती, तीच आता अभियंत्याची मुख्य कौशल्ये ठरत आहेत.

जिल्ह्यातील महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने यांच्या संगणक विभागांनी त्यासाठी नव्या इमारतीची, नव्या प्रयोगशाळेची किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहू नये. गेल्या वर्षीच्या ब्लॅक बुकांमधून वापरात आणण्याजोगा एक प्रकल्प निवडावा, त्याचा कोड शोधून काढावा, बाजार समितीतील एका अडत्याला किंवा एका मिलच्या व्यवस्थापकाला वर्षभर वेळ देण्याची विनंती करावी आणि येत्या सत्राच्या पहिल्या तासाला तो कोड तिसऱ्या वर्षाच्या वर्गाच्या हाती द्यावा.